बेसमेंटमधली जपानी मंडळी

“नाही वो, घर तापवते ते फर्नेस बरोबर आहे. तो आवाज ह्यांच्या गाण्याचा होय,” काकू फोनवर मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीला सांगत होत्या. मी दोन बॅगा घेऊन त्यांच्या दारात उभी होते आणि पायाखालच्या लाकडी जमिनीतून असा आवाज येत होता, जणू खाली एखादं विमान उभं आहे आणि उडावं की नाही हे त्याचं अजून ठरत नाहीये. काकूंनी फोन खांद्याला दाबून मला हातानेच आत घेतलं आणि खाली जाणाऱ्या जिन्याकडे तोंड करून, जमिनीवर दोनदा पाय आपटून हाक मारली, “अहो, मुलगी आली राहायला. आवाज कमी करा.” विमान हळूहळू थांबलं. जिन्यातून पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि पायात नुसते मोजे अशा थाटात एक साठीचे गृहस्थ वर आले. हात जोडून “जय भीम” म्हणाले आणि “त्रास तर नाही न झाला तुम्हाला?” असं त्यांनी इतक्या हळू विचारलं, की मला ते त्यांच्या ओठांवरून ओळखावं लागलं.

माझ्या घरमालकांइतका शांत माणूस मी अख्ख्या ओहायोत पाहिला नाही, आणि त्यांच्या घराइतका गोंगाटही दुसऱ्या कुठल्या घरात ऐकला नाही. काका मूळचे नागपूरचे. ओहायोतल्याच डब्लिन गावातल्या आमच्या रस्त्यावर स्टॉप साइनला पूर्ण थांबणारे ते एकटेच असावेत; गाडी थांबवायची, मान दोन्हीकडे वळवायची, मागच्याचा हॉर्न वाजून संपू द्यायचा आणि मग निघायचं. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये लोकांनी वाटेल तिथे सोडलेल्या सामानाच्या कार्ट ते गोळा करून जागेवर लावत. काकू गाडीत बसून काच खाली करत आणि “झालं का समाजकार्य?” म्हणत. फोनवर कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई ‘थँक यू फॉर वेटिंग’ म्हणाली, की काका तिलाही ‘नो प्रॉब्लेम’ म्हणत. त्यांना रागावलेलं मी एकदाच पाहिलं. कोणीतरी त्यांच्या कॅसेटींना ‘जुना माल’ म्हणालं तेव्हा. आणि तेव्हाही ते फक्त उठून पाणी प्यायले.

ते पुलांचे इंजिनिअर. ओहायोतल्या ओढ्या-नद्यांवरचे पूल तपासत फिरायचं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सिमेंटवर हातोडी मारायची आणि ऐकायचं. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आतून थर सुटलाय असं समजायचं. घरातही त्यांची ती सवय गेली नव्हती. कलिंगड, भिंत, शेजाऱ्यांनी नवीन घेतलेलं टेबल, सगळं ते बोटाने ठोकून पाहत आणि मनाशी मान हलवत. मी आले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आपणहून ऑफिसातलं टेबलावरचं काम मागून घेतलं होतं. “गुडघे दुखते त्यांचे,” काकू सांगत. काकांना जिने भराभर उतरताना मी रोज पाहत होते, पण मी काही बोलले नाही.

मी सहसा काहीच बोलत नाही. मी ठाण्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली. मोठ्या माणसांशी मराठीत बोलायचं म्हणजे वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. एका इन्शुरन्स कंपनीचं सॉफ्टवेअर तपासण्याचं माझं काम आहे. तिथेही चुका लिहून कळवता येतात, हे मला त्या नोकरीतलं सगळ्यात आवडतं. काकांनी मात्र माझ्या गप्प राहण्याचा वेगळाच अर्थ घेतला. त्याला कारण वॉशिंग मशीन. ते बेसमेंटमध्ये होतं, कपडे धुवायला मला रविवारी सकाळीच वेळ मिळे, आणि रविवारी सकाळी खाली काकांचं ऐकणं असे.

ते ऐकणं म्हणजे नुसतं गाणी लावून बसणं नव्हतं. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चपला जिन्यावर काढून खाली येत. सतरंजी अंथरत. कॅसेट डेक मऊ फडक्याने पुसत. मांडी घालून, डोळे मिटून बसत, आणि मग ते विमान सुरू होई. पहिल्या रविवारी मी कपडे ड्रायरमध्ये टाकून बटण दाबलं, तर त्याच्या घरघरीने मलाच लाजल्यासारखं झालं, म्हणून बंद करायला गेले. काका सतरंजीवर तळवा टेकून, एक डोळा उघडून म्हणाले, “राहू दे बेटा. सुरात आहे.” वर निघून जाण्यासाठी काय म्हणावं ते मला सुचेना, म्हणून कपडे वाळेपर्यंत मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिले. दुपारी जेवताना काका काकूंना म्हणाले, “ही पोरगी ऐकते.” तेव्हापासून मी ऐकणारी पोरगी झाले. नंतर नंतर तर धुवायला कपडे नसले, तरी मी दोन टॉवेल घेऊन खाली जाई.

त्या कॅसेटींवरच्या जपानी बँडला ते ‘आपली मंडळी’ म्हणत. खरं नाव बरंच लांबलचक होतं, आणि ते घेताना काका थोडे लाजत, नवऱ्याचं नाव घेणाऱ्या जुन्या बायकांसारखे. मंडळींचा इतिहास त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला, की तो मला माझ्या घरच्या इतिहासापेक्षा जास्त पाठ आहे. जपानमधलं एक जुनं विद्यापीठाचं गाव. विद्यार्थ्यांचा संप. वर्ग बंद, म्हणून चार पोरांनी एका रिकाम्या खोलीत गिटारी आणून लावल्या. त्यातला एक काळा चष्मा लावणारा, केसांनी तोंड झाकलेला, कोणाशी न बोलणारा. तोच शेवटपर्यंत राहिला, बाकीचे येत-जात राहिले. एक ड्रमवाला लाँड्री काढायला गेला. एका बास गिटारवाल्याला घरचे येऊन घेऊन गेले. एकजण तर कार्यक्रम चालू असताना चहा प्यायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही, आणि काकांच्या मते त्या कार्यक्रमाची टेप सगळ्यांत उत्तम आहे. मंडळींनी रीतसर स्टुडिओत बसून रेकॉर्ड अशी काढलीच नाही. एकदा प्रयत्न केला होता, पण काळ्या चष्मेवाल्याला तो आवाज फार स्वच्छ वाटला आणि त्याने ते काम तिथेच सोडलं. त्यामुळे आज जे काही उरलंय, ते ऐकायला आलेल्या लोकांनी कोटाच्या आत टेपरेकॉर्डर लपवून भरून घेतलेलं. मंडळी कधी मोडली, तेही कोणाला नक्की माहीत नाही. मोडली असं त्यांनी कोणाला कळवलंच नाही.

गाणं ऐकायला कसं, ते सांगणं अवघड आहे. खाली बासचे तेच ते तीन-चार सूर, झोपाळ्यासारखे जात-येत राहिलेले. वर गिटार. समारंभात कोणी माइक घेऊन स्पीकरपुढे गेलं की एक किंचाळी उठते आणि सगळे कानांवर हात ठेवतात. तीच किंचाळी ही मंडळी मुद्दाम काढत आणि अर्धा-अर्धा तास सांभाळत, विझू देत नसत. त्यात मध्येच कोणीतरी फार दूरवरून, प्रेमाचं असावं असं, चार ओळी गाऊन जाई. बहुतेक वेळा गाणंही तेच असायचं. मी एकदा धीर करून विचारलं, की एकाच गाण्याच्या इतक्या टेप कशाला. काका खूश झाले. “पूल तोच असते बेटा,” म्हणाले, “पाणी वेगळं वाहून राहिलं न.” मला ते संगीत आवडतं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण त्या अर्ध्या तासात मला कोणी काही विचारत नसे, एवढं खरं.

जगात या मंडळींच्या मागे लागलेले आणखीही लोक आहेत, हे मला काकांच्या फोनवरून कळलं. विस्कॉन्सिनमधला एक पोस्टमन त्यांचा खास मित्र. दोघे कधी भेटलेले नाहीत. त्यांच्यात टेपांची देवाणघेवाण चाले आणि त्याहून जास्त वाद चाले, आणि वाद असायचा तो खोकल्यावरून. टेपवर ना तारीख, ना जागेचं नाव. मग ही टेप कुठल्या काळातली, हे ओळखायचं कशावरून? ऐकायला आलेल्यांच्या आवाजांवरून. बाटली पडते, कोणीतरी हसतं, दार करकरतं. त्यात एक खोकला होता. कोरडा, दोन झटक्यांचा, माइकच्या अगदी जवळचा. तो कितीतरी टेपांवर सापडत होता. म्हणजे तो खोकणारा स्वतःच टेप भरत होता, मांडीवर रेकॉर्डर घेऊन. शेवटच्या काही टेपांवर तो नाही. पोस्टमनचं म्हणणं, माणसाने सिगारेट सोडली. काकांचं म्हणणं, “बरा झाला असेल.” तिसरी शक्यता दोघांपैकी कोणीही कधी काढली नाही.

आणि काकांना त्या खोकल्याची एवढी काळजी का, तर तो माणूस त्यांच्या घरी जेवला होता.

काका तेव्हा नागपुरात इंजिनिअरिंगला होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लोटलेल्या गर्दीला वस्तीतली पोरं पाणी वाटत होती. त्या गर्दीत लांब केसांचा एक हडकुळा जपानी विद्यार्थी पोट धरून बसलेला काकांना दिसला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. काकांनी त्याला सायकलवर घरी आणलं. आईने त्याला मुगाची खिचडी घातली, आणि बरा होईपर्यंत तो त्यांच्या घरी राहिला. रात्रभर खोकायचा. जाताना त्याने दोन्ही हातांनी एक कॅसेट काकांच्या आईच्या हातात ठेवली. वर जपानी अक्षरं. आता जपानहून, बुद्धाच्या देशातून आलेला पोरगा, दीक्षाभूमीला आलेला, दोन्ही हातांनी कॅसेट देतो, तर त्यात काय असणार? सूत्रपठण असणार, याबद्दल वस्तीत कोणालाच शंका नव्हती. रविवारी विहारात वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि लाउडस्पीकरवर ती कॅसेट लावली गेली.

“आधी वाटलं, मशीन बिघडली,” काका सांगत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला उठवलं. त्याने हेड पुसलं, वायर हलवून पाहिली आणि मशीन बरोबर आहे असं सांगितलं. मग वस्तीतले निवृत्त मास्तर शांतपणे म्हणाले, “जपानात अशीच म्हणत असतील. बसा.” सगळे बसले. अख्खी वस्ती, बायका-पोरांसकट, डोळे मिटून आणि हात जोडून, त्या किंचाळीपुढे पूर्ण एक बाजू संपेपर्यंत बसली. अगदी शेवटी गिटार थांबते, क्षणभर काहीच नसतं, आणि तो खोकतो. दोन झटके. काकांच्या आईने डोळे उघडले आणि म्हणाली, “हा तर आपला पाहुणा.” तिने तो रात्रभर ऐकलेला खोकला ओळखला होता. आणि घरी जाताना म्हणाली, “छान होतं रे. आमच्या खात्यात असाच आवाज असते. मला त्यात झोप लागते.” ती सूतगिरणीत कामाला होती. पुढे गिरणी बंद पडली, पुढे आईही गेली. कॅसेट राहिली.

ते सूत्रपठण नसून बँड आहे हे काकांना कळलं, तेव्हा ते अमेरिकेत येऊन संसाराला लागले होते. कोलंबसमधल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात ते काकूंची वाट पाहत उभे होते, आणि मागच्या स्पीकरमधून तोच आवाज आला. काकांचे हात आपोआप जोडले गेले. दुकानातला पोरगा बघतच राहिला. काकू शेजारच्या दुकानातून आल्या, तर नवरा डोळे मिटून, हात जोडून उभा. “मला वाटलं, ह्यांना चक्कर आली,” काकू म्हणतात. “चक्कर परवडली असती.”

तर अशा रविवारांपैकी एका रविवारी, नागपूरची ती कॅसेट संपत आलेली असताना, काकांनी डोळे उघडून मला विचारलं, “खोकला आला का?” तो नुकताच येऊन गेला होता. चांगला स्पष्ट. मी ‘हो’ अशी मान हलवली. काकांनीही हलवली, आणि फडकं घेऊन डेक पुसत बसले. तो आधीच पुसलेला होता. मग मला एकेक जुळत गेलं. टेबलावरचं काम. काकू पाठीमागून बोलल्या तर उत्तर नाही, आणि समोरून बोलल्या तर लगेच. दर महिन्याला थोडा थोडा वर सरकलेला आवाज. काकूंची समजूत होती की नवरा मुद्दाम लक्ष देत नाही. कान तपासायला जायचं नाव काढलं की काका पुलांचा विषय काढत. तपासणीत काय निघणार, ते त्यांना माहीत होतं. डॉक्टर म्हणणार, एवढ्या मोठ्या आवाजाने झालं. काकू म्हणणार, मी इतकी वर्षं सांगून राहिले. आणि बेसमेंटला कायमचं कुलूप. त्या दिवसापासून आमच्यात न बोलता एक रीत पडली. खोकला आला की मी बोट वर करायचं. काका बोटाकडे बघायचे, आणि त्यांचे खांदे जरासे सैल व्हायचे. मला ती रीत बरी वाटली. तिच्यात वाक्य जुळवावं लागत नव्हतं.

मागच्या ऑक्टोबरमध्ये आमच्या भागातल्या मराठी लोकांनी लायब्ररीच्या हॉलमध्ये ‘माझा छंद’ अशी दुपार ठेवली. काका गेली कित्येक वर्षं नाव देत होते आणि दर वर्षी वेळ पुरत नव्हता. या वर्षी पुरला, जेवणानंतरचा, म्हणजे पाटवडी-रस्सा खाऊन लोक खुर्च्यांत घसरलेले असताना. काका आठवडाभर आरशासमोर बोलून पाहत होते. नागपूरच्या कॅसेटचा शेवटचा दहा मिनिटांचा तुकडा त्यांनी पोस्टमनकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतला होता. “सगळं नाही समजलं तरी चालते,” ते मला गाडीत म्हणाले, “खोकला तेवढा सगळ्यांनी ऐकला पाहिजे. आपला पाहुणा होता तो.”

मी नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, साउंडच्या टेबलाशेजारी बसले. टेबलामागे पुण्याचा एक आयटीवाला दादा होता. कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या ताई वाकून त्याला म्हणाल्या, “पाच मिनिटांनी आवाज हळूहळू खाली आण रे. पोरं झोपलीयेत, यार.”

“काका चिडतील.”

“काका कधी चिडलेत? आणि डोळे मिटलेले असतात त्यांचे.”

काका बोलले ते छान बोलले. संप सांगितला, लाँड्री सांगितली, विहार सांगितला, आईची खिचडी सांगितली. लोक हसले, तेही प्रेमाने. मग काकांनी खूण केली, विमान सुरू झालं, आणि त्यांनी डोळे मिटले. एका मुलाने “इज इट ब्रोकन?” विचारलं, त्याची आई “श्श, आर्ट आहे” म्हणाली. दादाने बटण जरासं खाली घेतलं. मग आणखी जरासं. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. इतक्या हळू, की कुठल्या क्षणी आवाज बंद झाला ते मलाही सांगता आलं नसतं. हॉलमध्ये फक्त हीटरची घुर्र उरली. काका मांडीवर बोटाने बासचे सूर धरून बसले होते. त्यांच्या डोक्यात ते गाणं नीट चालू होतं, कुठे चुकत नव्हतं. “आता गिटार चढते,” ते म्हणाले. “ऐका.”

कोणी हसलं नाही. सगळे सभ्य लोक. कोणी फोनकडे बघत होतं, कोणी छताकडे. पहिल्या रांगेत काकूंनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि त्यांचा हात पदरावरच राहिला. त्यांना समजलं होतं. इतकी वर्षं ज्याला त्या दुर्लक्ष समजत होत्या, ते काय होतं, हे त्या शांततेत बसून समजलं होतं.

काकांनी डोळे उघडले. “ऐकून राहिले न सगळे?”

हॉलभर माना हलल्या. एकही मान हलायची राहिली नाही.

“आता येते बरं का तो,” काका म्हणाले, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांनी शेवटच्या रांगेत, माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटाकडे. बोट वर केलं असतं, तर सगळं व्यवस्थित पार पडलं असतं. टाळ्या झाल्या असत्या, चहा आला असता. काका गाडीत म्हणाले असते, की सगळ्यांनी ऐकला. ते थांबले होते. मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकून जोरात वाजली, सगळ्या माना वळल्या, आणि माझ्याजवळ एकही वाक्य जुळवलेलं नव्हतं. त्या घरात राहिले तेवढ्या काळात काकांना सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितलेली मी ऐकली होती, आवाज कमी करा; काकूंनी, शेजाऱ्यांनी, फर्नेस तपासायला आलेल्या माणसानेही. मी त्यांच्याकडे बघून, ओठ नीट दिसतील असं, म्हणाले, “काका, मागे ऐकू येत नाहीये. पाहुण्याला पुन्हा सुरुवातीपासून लावा. आणि आवाज वाढवा.”